सिस्टरला मेमो दिला, अॅम्प्यूल तिथेच राहिली

हॉस्पिटलच्या टीमसाठी इन्सिडेंट (उपचारातली चूक किंवा दुर्घटना) तपासाचं ट्रेनिंग : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार, फोनवर बरेच जण पहिल्यांदा हेच विचारतात की मॅडम आम्ही आरसीए (चुकीच्या मूळ कारणाचा तपास) करतोच की, फॉर्म भरतो, फाईव्ह व्हाय (पाच वेळा ‘का?’ विचारून कारण शोधणं) लिहितो, एनएबीएचवाले (हॉस्पिटलना दर्जाची मान्यता देणारे) आले की फाईल दाखवतो, मग हे दोन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग कशाला? म्हणून एकदा नीट लिहूनच काढलं.

मी आधी आयसीयूत सिस्टर होते. एका रात्री, पहाटेचे साडेतीन वाजलेले, आठ पेशंट आणि आम्ही दोघीच, तिसरी एका पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेलेली. माझ्यासोबतच्या सिस्टरने अँटिबायोटिकची व्हायल डायल्यूट करायला ट्रॉलीचा वरचा खण उघडला. स्टराइल वॉटरची 10 एमएलची अॅम्प्यूल आणि पोटॅशियम क्लोराइडची (पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडू शकणारं औषध) 10 एमएलची अॅम्प्यूल, दोन्ही एकाच कप्प्यात, दोन्ही पारदर्शक, अक्षरं बारीक, आणि त्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट आठवडाभर लुकलुकत होती. इंजेक्शन अर्धं गेलं नसेल तोच मॉनिटर ओरडायला लागला. पेशंट वाचला, पण पुढचे 5 दिवस व्हेंटिलेटरवर होता.

चौकशी 20 मिनिटांत संपली. लेबल वाचलं नाही, निष्काळजीपणा, मेमो. महिन्याभरात तिने नोकरी सोडली, आमच्या सगळ्यांकडून लेबल तीनदा वाचीन अशा सह्या घेतल्या. खण मात्र कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही. चार महिन्यांनी त्याच कप्प्यातली तीच अॅम्प्यूल एका ब्रदरच्या हातात आली, नशीब की त्याच्या वेळेत लक्षात आलं. हे काम मी सुरू केलं ते त्या खणामुळे.

आणि हे काही आमच्याच वॉर्डात घडत होतं असं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 1998 साली आपला पहिलावहिला सेंटिनेल इव्हेंट अलर्ट (गंभीर चुकांबद्दलचा इशारा) काढला तो याच पोटॅशियम क्लोराइडवर, इंग्लंडमध्ये 2002 साली तिथल्या पेशंट सेफ्टी एजन्सीचा पहिला अलर्टही याच औषधावर. दोन्हीकडे मुख्य उपाय एकच, कॉन्सन्ट्रेटेड पोटॅशियम वॉर्डातल्या खुल्या स्टॉकमधून काढा. पहाटे साडेतीनला ते हाताशी नसेल तर कितीही थकलेली सिस्टर ते चुकून देणार कशी?

आमच्या ट्रेनिंगचा गाभा हाच आहे. त्यासाठी आम्ही सीप्स नावाची पद्धत वापरतो, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेली, 2006 पासून प्रसिद्ध आहे. नाव राहू द्या, काम साधं आहे. माणूस, तो करत असलेलं काम, हातातली साधनं, आजूबाजूची जागा, आणि हॉस्पिटलची व्यवस्था म्हणजे ड्युटी रोस्टर, खरेदी, वरिष्ठांचा दबाव वगैरे, हे सगळं एकमेकांवर कसं ओढाताण करतं ते बघायचं. फाईव्ह व्हायशी माझं भांडण एवढंच की ते एकाच रेषेत जातं आणि पाचव्या कारणाला पोचलं की आपण थांबतो. इथे मात्र ट्यूबलाइट, एकसारखी पॅकिंग, सीटी स्कॅनला गेलेली सिस्टर आणि फार्मसीने परस्पर बदललेला ब्रँड या चारही गोष्टी त्या रात्री एकत्र आल्या होत्या. यातली एक जरी नसती तर कदाचित काही झालंच नसतं.

पहिल्या दिवशी वर्गात बसून बोलायचं, पण दुसऱ्या दिवशीचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या रात्री तुमची टीम आमच्यासोबत वॉर्डात बसते, काही घडलेलं नसताना. एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) लिहिलंय दोन जणींनी डबल चेक करायचं, आणि दुसरी सिस्टर तर बेड नंबर 6 चं सक्शन करतेय, मग डबल चेक होतो कसा? हे मेमोच्या भीतीने कुणी खरं सांगत नाही, म्हणून तपास करणारा माणूस त्या वॉर्डाचा इन्चार्ज नसावा हा आमचा आग्रह असतो. मावशी आणि मामांनाही विचारा, ट्रॉली भरतात ते, कुठली वस्तू कुठे आणि का ठेवली जाते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

उपाय लिहिताना आम्ही जरा कडक आहोत. “स्टाफला समज दिली”, “पुन्हा ट्रेनिंग घेतलं”, “सर्क्युलर काढलं” एवढंच असेल तर रिपोर्ट परत पाठवतो. समज दिल्याने खण बदलत नाही ना. निदान एक उपाय असा हवा की जो माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

आणखी एक, प्रत्येक इन्सिडेंटची मोठी चौकशी करू नका. इंग्लंडच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) 2022 मध्ये आपली पद्धत बदलली तीही याच दिशेने, जिथून शिकायला मिळेल तिथे वेळ घाला. 40 घाईचे आरसीए करण्यापेक्षा 4 नीट करा.

पेशंटच्या घरच्यांशी बोलायचा एक पूर्ण तास ठेवलाय. रात्री आई अस्वस्थ झाली हे मुलीने दोनदा सांगितलेलं असतं, ते फाईलमध्ये कुठेच नसतं. त्यांना काय झालं ते सांगणं आपलं कर्तव्य आहेच, शिवाय त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

एक स्पष्ट सांगते, पोलीस केस किंवा कन्झ्युमर कोर्टासाठी हे ट्रेनिंग नाही, तिथे तुमच्या वकिलांनाच विचारा.

बॅच 12 ते 16 जणांची, त्यात डॉक्टर, सिस्टर, फार्मसी आणि बायोमेडिकलचं (मशिनं सांभाळणारा विभाग) निदान एकेक माणूस हवंच, नुसती क्वालिटीची टीम पाठवू नका. सगळं मराठीत चालतं, फॉर्मसुद्धा. येताना तुमच्याकडचा एक जुना, बंद झालेला रिपोर्ट आणा, पेशंटचं आणि स्टाफचं नाव खोडून, आणि जमलं तर त्या ट्रॉलीच्या वरच्या खणाचा मोबाईलवर काढलेला एक फोटो, आवरायच्या आधी काढलेला.