मल्टिकोर प्रोसेसर आणि समांतर प्रोग्रामिंग

एका चिपवर दोन किंवा अधिक कोअर (सूचना स्वतंत्रपणे चालवणारे भाग) असलेल्या प्रोसेसरवर एकाच प्रोग्रामची कामे एकाच वेळी चालावीत, अशा रीतीने सॉफ्टवेअरची रचना करण्याची पद्धत. 2005 मध्ये इंटेल आणि एएमडी यांचे दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकांत आले. त्याआधी प्रोग्राम जलद करायचा, तर नवा संगणक घेतला की भागत असे. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचा सूक्ष्म विद्युत स्विच, लहान झाला की त्याला व्होल्टेजही कमी लागतो, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेला हिशेब 2005 च्या सुमारास बसेनासा झाला. गळतीचा प्रवाह (स्विच बंद असतानाही झिरपणारी वीज) आणि उष्णता वाढली, इंटेलच्या पेंटियम 4 ची गती 3.8 गिगाहर्ट्झवर थांबली. ट्रान्झिस्टरांची संख्या मात्र वाढतच होती. ते जादा कोअरसाठी वापरले गेले.

कोअर कितीही असले तरी एकेरी, म्हणजे सूचना एकामागून एक चालतील असा लिहिलेला प्रोग्राम एका वेळी एकच कोअर वापरतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात असो की आणखी कुठे, विद्यार्थी आधी असाच प्रोग्राम लिहायला शिकतो. पुढे त्याला थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे, तयार करणे लवकर जमते. कोणते काम कशावर अवलंबून आहे हे ओळखणे अवघड जाते, आणि खरे कसब तेच आहे.

कृष्णेच्या पुराचे गणित घ्या. आयर्विन पुलाजवळची 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी सांगलीकरांना तोंडपाठ असते. धोम धरणाकडून येणारी कृष्णा आणि कोयना धरणाकडून येणारी कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर भेटतात. ढोबळमानाने तोवरचा हिशेब दोन कोअरवर वेगवेगळा चालवता येतो. संगमाशी ज्याचा आधी संपेल त्याने दुसऱ्यासाठी थांबायचे. सांगलीजवळ मात्र हे पुरत नाही. वारणा हरिपूरला, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला मिळते, पण ती फुगली की कृष्णेचे पाणी मागे तुंबते. खालच्या भागाचे उत्तर वरच्या भागाला लागते. म्हणून नदीचे तुकडे पाडून, प्रत्येक कालटप्प्याला शेजारच्या तुकड्यांना कडेच्या पातळ्या कळवत गणित पुढे न्यावे लागते. तुकडे फार बारीक केले तर गणितापेक्षा निरोपानिरोपीतच वेळ जातो.

सर्व थ्रेड एकच स्मृती वापरतात, तेव्हा या सामाईक स्मृतीत आणखी एक धोका असतो. समजा, एकूण विसर्ग 20,000 क्युसेक नोंदलेला आहे. एक थ्रेड त्यात 30,000 मिळवतो, दुसरा 10,000. दोघांनी एकाच वेळी 20,000 वाचले, पहिल्याने 50,000 लिहिले आणि लगेच दुसऱ्याने त्यावर 30,000 लिहिले. हवे होते 60,000. या चुकीला रेस कंडिशन म्हणतात. शंभरदा चाचणी घेऊनही ती दिसेलच असे नाही, म्हणून अशा चुका सर्वांत छळतात. त्या आकड्याला लॉक (कुलूप) लावला तर एका वेळी एकच थ्रेड तो वाचू-लिहू शकतो. पण दोन थ्रेड एकमेकांचे लॉक सुटण्याची वाट पाहत बसले तर डेडलॉक होतो, म्हणजे दोघेही कायमचे अडकतात. शक्य तिथे प्रत्येक थ्रेडला स्वतःची बेरीज देऊन शेवटी त्या एकत्र करणे जास्त बरे.

किती वेग मिळेल याला मर्यादा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या नियमानुसार 10 टक्के काम एकेरीच राहत असेल, तर 8 कोअरवर वेग सुमारे 4.7 पट होतो आणि कितीही कोअर जोडले तरी 10 पटीपुढे जात नाही. अर्थात प्रश्नाचा आकारच वाढवला, म्हणजे नदीचे जाळे अधिक बारीक घेतले, तर जादा कोअर कामी येतात.

ओपनएमपी (1997) या समांतर प्रोग्रामिंगच्या साधनामुळे लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या, वर एक सूचना लिहून काम वाटता येते. सी++ भाषेच्या अधिकृत मानकात थ्रेड 2011 मध्ये आले. रस्ट भाषेचा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) सामाईक विदेचा असुरक्षित वापर बहुतेक वेळा आधीच अडवतो.

जुना प्रोग्राम समांतर केल्यावर उत्तरांचे शेवटचे दशांश बदलू शकतात, कारण अपूर्णांकांची बेरीज संगणकात क्रमावर अवलंबून असते. त्यामुळे पुराच्या गणितासारख्या कामात किती फरक चालेल हे चाचणीआधीच ठरवून घेतात.