पाऊस की बर्फ? दीड किलोमीटर उंचीवरचा निकाल

हिवाळी वादळ येणार हे संगणकाची प्रारूपं हल्ली तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी ओळखतात. एकूण पाणी किती पडेल, याचाही अदमास लागतो. अडतं ते एकाच ठिकाणी: ते पाणी जमिनीवर कोणत्या रूपात पोचेल? ताज्या, भुसभुशीत बर्फाची वाट पाहणाऱ्या स्कीपटूला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

बहुतेक वेळा ढगात वर बर्फच तयार होत असतो. खाली येताना वाटेत, साधारण एक ते तीन किलोमीटर उंचीवर, उबदार हवेचा थर लागला तर सगळं बिघडतं. हा थर शून्याच्या जेमतेम वर असेल, तर हिमकण कडेनं वितळतात आणि खालच्या थंड हवेत पुन्हा सावरतात. तो एक ते तीन अंशांचा असेल, तर अर्धवट वितळलेले कण परत गोठून टणक बर्फदाणे होतात. तीन अंशांच्या वर गेला की कण पूर्ण विरघळतो. मग खालची थंड हवा पुरेशी जाड नसेल, तर थेंब द्रवरूपातच खाली येतो आणि गोठणबिंदूखालच्या जमिनीला, झाडांना, स्कीपटूंना उतारावर नेणाऱ्या लिफ्टच्या तारांना टेकताच काच होऊन चिकटतो. म्हणून नुसतं जमिनीवरचं तापमान पाहून काढलेला अंदाज अशा वादळात हमखास फसतो.

भर म्हणजे हा उबदार थर स्थिर राहत नाही. सुरुवातीला हवा कोरडी असेल तर पडणारं पाणी तिच्यात वाफ होऊन विरतं, आणि घाम वाळताना अंग गार पडावं तशी हवाही गार होते. कण वितळतानाही हवेतूनच उष्णता घेतली जाते: एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 334 जूल. त्यामुळे वृष्टीचा जोर वाढला की कधी कधी उबदार थर शून्यापर्यंत उतरतो आणि पावसाचा अचानक बर्फ होतो. जोर ओसरला की पुन्हा पाऊस! मला हवामानशास्त्रातला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो, कारण इथे वादळ स्वतःचंच तापमान बदलत असतं.

अंदाजकर्ते म्हणूनच हवामान फुग्यांनी मोजलेलं थराथराचं तापमान आणि आर्द्रता बघतात. हे फुगे बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच सोडले जातात. मधल्या वेळेत रडार मदतीला येतं: वितळणारे, ओले हिमकण लहरी जोरात परावर्तित करतात, त्यामुळे वितळणीचा थर पडद्यावर ठळक पट्ट्यासारखा उमटतो. शिवाय सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकाच वादळाचे अनेक अंदाज चालवले जातात. त्यातले निम्मे पाऊस आणि निम्मे बर्फ म्हणत असतील, तर ‘30 सेंटिमीटर’ असा एकच आकडा सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. संभाव्य पल्ला द्यावा, आणि वाचणाऱ्यानेही तो मागावा.

सेंटिमीटरचा आकडा तसाही फसवा. 1 सेंटिमीटर पाण्याचा ढोबळमानानं 10 सेंटिमीटर बर्फ धरतात, पण ओला बर्फ 5 सेंटिमीटरच भरतो आणि थंड, कोरडा 20च्याही वर जातो. फांद्याफांद्यांचे सुंदर स्फटिक उणे 12 ते उणे 18 अंशांदरम्यान सर्वात झपाट्यानं वाढतात; ढगात जोरात वर चढणारी हवा नेमकी त्या पट्ट्यात असली, तर थोड्या पाण्यातही हलक्या बर्फाचा जाड थर साचतो.

स्कीपटूनं प्रमाणाइतकाच क्रमही पाहावा. आधी ओला, जड बर्फ पडून थंड आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येऊन गेल्यावर वर हलका बर्फ आला, तर उतार उत्तम. तापमान हळूहळू उतरत जाणारा अंदाज दिसला, तर वादळाच्या शेपटीची वाट पाहणं फायद्याचं. उलट, हलक्या बर्फावर जड थर किंवा पाऊस आला तर स्की रुतते, आणि तीव्र उतारांवर हिमस्खलनाचा धोका वाढतो. हवामानाच्या साध्या अंदाजात हा धोका सांगितलेला नसतो. हिमस्खलनाचं पत्रक वेगळं निघतं. राखलेल्या मार्गांबाहेर जाणाऱ्यानं त्या दिवशीचं पत्रक वाचल्याशिवाय निघू नये.