सर्टिफिकेट संपलंय की साखळी तुटलीय?

वागळे इस्टेटमधल्या एका वितरकाच्या ऑफिसातून सकाळी फोन आला. "सर, साइटचं एसएसएल सर्टिफिकेट गेलंय. काल रात्रीच रिन्यू केलं, तरी पोरांच्या मोबाइलवर ऑर्डरचं ॲप चालत नाही. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये मात्र साइट व्यवस्थित उघडतेय." मी ऐरोली स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तारखेचा विषय मी डोक्यातून काढून टाकला.

सर्टिफिकेट म्हणजे साइटची ओळख ब्राउझरला पटवून देणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल. मुदत संपलेलं सर्टिफिकेट असा भेदभाव करत नाही. 'इथपर्यंत वैध' ही तारीख उलटली की क्रोम, फायरफॉक्स, कर्ल (कमांड देऊन साइटशी बोलणारं साधन), मोबाइल ॲप, सगळ्यांकडे एकदमच बोंब होते. क्रोम 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असं दाखवतो. एकाच मशीनवर तक्रार असेल तर आधी त्या मशीनचं घड्याळ बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि दोष सर्व्हरला लागतो.

यावर इलाज रिन्यू करणं हाच, पण नवी फाइल डिस्कवर आली म्हणजे काम झालं असं नाही. एनजिनएक्स हा साइट चालवणारा वेब सर्व्हर जुनं सर्टिफिकेट मेमरीत धरून बसतो, रिलोड होईपर्यंत तेच देत राहतो. म्हणून आपोआप रिन्यू करणाऱ्या सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (रिन्यू झाल्यावर चालणाऱ्या कमांडच्या जागी) रिलोडची कमांड घालून ठेवाच. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची मुदत 90 दिवस. विकतच्या सर्टिफिकेटांनाही आता सवलत उरलेली नाही: नियमानुसार कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47. कॅलेंडरवर खूण करून हाताने रिन्यू करणं यापुढे जमणार नाही.

साखळी तुटण्याचं प्रकरण वेगळं. फोनकडे किंवा लॅपटॉपकडे फक्त रूट सर्टिफिकेटं, म्हणजे आधीपासून विश्वासू मानलेली मूळ सर्टिफिकेटं असतात. रूटने इंटरमीजिएटवर, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटवर, सही केलेली असते, इंटरमीजिएटने तुमच्या सर्टिफिकेटवर. मधला दुवा सर्व्हरनेच पाठवायचा असतो. तो विसरला, तर डेस्कटॉपवरचा क्रोम सर्टिफिकेटात लिहिलेल्या पत्त्यावरून तो स्वतः आणतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. फायरफॉक्सकडे माहितीतल्या इंटरमीजिएटांची यादी आधीच असते. लिनक्सवरचा कर्ल, जावा, बरीचशी ॲप्स मात्र एवढे कष्ट घेत नाहीत, सरळ कनेक्शन तोडतात. म्हणून 'माझ्याकडे चालतंय' हा साइट ठीक असल्याचा पुरावा कधीच धरू नका. इथे शंभरदा रिन्यू केलंत तरी फरक पडणार नाही.

अंदाज बांधण्यापेक्षा सर्व्हर बाहेर नेमकं काय देतोय ते बघावं. सर्टिफिकेटं तपासणाऱ्या ओपनएसएसएल या साधनाची 'एस क्लायंट' कमांड पोर्ट 443 वर (सुरक्षित साइटच्या नेहमीच्या दारावर) चालवा. सोबत साइटचं नाव सांगणारा 'सर्व्हरनेम' हा पर्याय द्याच, नाहीतर जुन्या ओपनएसएसएलमध्ये, एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट असतील तर, भलत्याच साइटचं सर्टिफिकेट समोर येऊ शकतं. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' दिसतो. 10 म्हणजे मुदत संपली. 20 किंवा 21 आला तर बहुतेक वेळा मधला दुवा गायब असतो.

10 दिसला तरी 'डेप्थ' किती आहे ते वाचा. डेप्थ 0 म्हणजे तुमचं स्वतःचं सर्टिफिकेट, त्यापुढचे आकडे वरच्या दुव्यांचे. 30 सप्टेंबर 2021 ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं 'डीएसटी रूट सीए एक्स 3' हे जुनं रूट संपलं. साइटची सर्टिफिकेटं ताजी होती, तरी ओपनएसएसएल 1.0.2 वापरणारे कित्येक सर्व्हर अडकले. तेव्हा तारीख आणि साखळी हे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन बसले होते.

वागळे इस्टेटच्या त्या सर्व्हरवर कोड 21 होता. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये 'सर्ट डॉट पेम' ही फक्त साइटच्या सर्टिफिकेटची फाइल दिली होती, हवी होती मधल्या दुव्यासकटची 'फुलचेन डॉट पेम'. पहिल्या फाइलमध्ये 'बिगिन सर्टिफिकेट' ही ओळ एकदाच होती, दुसरीत दोनदा. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर वापरणारेही 2.4.8 आवृत्तीपासून पूर्ण साखळी त्याच एका फाइलमध्ये देऊ शकतात. फोनवरच एक शब्द बदलायला सांगितला, कॉन्फिग तपासून घेतलं, रिलोड केलं. गाडी ठाण्यात शिरेपर्यंत नौपाड्यातल्या पोराची पहिली ऑर्डर सर्व्हरवर येऊन पडली होती.