ब्रेकचं पेडल तळाला गेलं का कडक झालं, एवढं आधी सांगा

(ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, चेन्नई-कोइम्बतूरला गाडी नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी फोन येतो, "ट्रॅकवर ब्रेक गेले, पॅड बदलून टाका." एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. गाडी कोल्हापूरला पोहोचेपर्यंत सगळं थंड होऊन पेडल बऱ्यापैकी जागेवर आलेलं असतं. मग दोष शोधण्यात अर्धा दिवस जातो, आणि त्याची मजुरी लावली की तुम्ही नाराज.

पेडल दगडासारखं कडक, तरी गाडी थांबेना, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ पडून तळाला गेलं, तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. तुमच्या पायाचा जोर कॅलिपरपर्यंत (चाकापाशी पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) ऑइलच पोचवतं, कारण ते दाबलं जात नाही. त्यात वाफ धरली की पाय नुसती वाफ दाबत बसतो.

आमच्याकडे येतात त्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या. रेसिंग पॅड महागातले, ऑइल मात्र दोन पावसाळे जुनं! हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस लागतो; पाणी मुरल्यावर मानकाची अट उतरून १५५ वर येते. त्यात नव्या पॅडच्या भरवशावर तुम्ही ब्रेक आणखी उशिरा मारता.

म्हणून आम्ही फक्त सीलबंद डबा वापरतो. डिकीत वर्षभर पडलेली अर्धी बाटली कृपया आणू नका, "वाया कशाला घालवायची" म्हणून तर नकोच. चारही चाकांतून जुनं ऑइल काढून काचेच्या बाटलीत दाखवतो. चहाच्या रंगाचं दिसलं की गिऱ्हाईक सहसा घासाघीस करत नाही. पॅडच्या सेटपुढे हा खर्च किरकोळच आहे.

फॉर्म्युला वनसारख्या कार्बन डिस्कही बरेच जण विचारतात. त्या काहीशे अंश तापल्याशिवाय नीट धरतच नाहीत, रस्त्यावरच्या गाडीला काय कामाच्या? आणि तिथेही पुढची चाकं थांबतात ती ऑइलच्याच दाबावर.

ट्रॅकवरून आत येताना ब्रेक थंड व्हावेत म्हणून शेवटची फेरी ब्रेक न मारता सावकाश घ्या. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

शनिवारी ट्रॅक असेल तर गाडी मंगळवारपर्यंत आणा. गुरुवारी रात्री आणलीत तर घाईघाईत ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून देणार नाही.