स्वयंचलित आयडी क्रमांकन

डेटाबेसच्या टेबलमध्ये नवी नोंद पडताना तिला आपोआप क्रमांक देण्याची सोय. हा क्रमांक बहुधा त्या टेबलची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख असतो. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला ‘ऑटो-इन्क्रिमेंट’ म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आयडेंटिटी’. पोस्टग्रेसमध्ये ‘सिरियल’ जुना, तर १० व्या आवृत्तीपासून (२०१७) आयडेंटिटीही मिळते. ओरॅकलमध्ये १२सी आवृत्ती (२०१३) येईपर्यंत सिक्वेन्स (क्रमांक देणारा काउंटर) स्वतंत्र बनवून बहुधा ट्रिगरने (नोंद पडताना आपोआप चालणाऱ्या कोडने) टेबलला जोडत.

शेवटचा आयडी पाहून त्यात एक मिळवला की पुढचा तयार, अशी अनेकांची समजूत असते. पण दोघांनी एकाच क्षणी ४१ वाचला, तर दोघेही ४२ लिहायला जातील. म्हणून डेटाबेस वेगळा काउंटर ठेवतो. क्रमांक मागितला की काउंटर पुढे सरकतो, आणि दिलेला क्रमांक परत घेत नाही.

शाळेच्या प्रवेशाचे उदाहरण घेऊ. शेवटचा आयडी ४१ आहे. पहिल्या खिडकीवर अर्ज भरायला घेतला, त्याला ४२ मिळाला. तो व्यवहार पुरा होण्याआधीच दुसऱ्या खिडकीवरच्या अर्जाला ४३ मिळाला आणि त्याची नोंद पक्की झाली. इकडे पहिल्या अर्जात जन्मतारीख चुकीची निघाली आणि व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे पूर्ण रद्द झाला. आता टेबलमध्ये ४१ नंतर थेट ४३ दिसतो. ४२ वाचवायचा असता, तर पहिल्या खिडकीचा निकाल लागेपर्यंत दुसरीला खोळंबून राहावे लागले असते. म्हणजे ही फट डेटाबेसची चूक नाही. कुणाला ताटकळत ठेवायचे नाही, याची ती किंमत आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून काही क्रमांक आगाऊ राखून ठेवतो. त्यामुळे सर्व्हर अचानक बंद पडला की आयडी एकदम हजाराने पुढे गेलेला दिसू शकतो.

याच कारणासाठी बिलाचा नंबर म्हणून हा आयडी कधीही वापरू नये. भारतात जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिलाचा अनुक्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा असावा लागतो. आयडी वेगळेपणाची हमी देतो, सलगतेची नाही. बिलाचा नंबर वेगळ्या कॉलममध्ये, बिल पक्के होतानाच आणि लॉक लावून (म्हणजे तेवढा वेळ इतरांना थांबवून) द्यावा.

नव्या नोंदीचा आयडी हवा असेल तर टेबलमधला सर्वात मोठा आयडी शोधू नये, कारण तेवढ्यात दुसऱ्या कुणाची नोंद पडलेली असू शकते. मायएसक्यूएलचे ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फंक्शन फक्त आपल्या कनेक्शनपुरते उत्तर देते. पोस्टग्रेसमध्ये नोंद घालतानाच ‘रिटर्निंग’ लिहून आयडी मिळवता येतो.

मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या इनोडीबी या भागात काउंटर बराच काळ फक्त मेमरीत असे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलमधला सर्वात मोठा आयडी पाहून तो नव्याने ठरे. शेवटची ४३ ही नोंद पुसली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला, की नव्या नोंदीला पुन्हा ४३ मिळे. एखाद्या जुन्या लॉगमध्ये किंवा संग्रहात ४३ म्हणजे कुणी वेगळाच माणूस असेल, तर दोघांची माहिती एकमेकांत मिसळण्याचा धोका होता. हा दोष ८.० आवृत्तीत गेला. एसक्यूलाइटमध्ये मात्र ‘ऑटोइन्क्रिमेंट’ स्पष्ट लिहिले नाही, तर सर्वात मोठ्या क्रमांकाची नोंद पुसल्यावर तो क्रमांक आजही परत वापरला जातो.

काउंटरला मर्यादाही असते. साध्या चार बाइटच्या इंटिजरची कमाल २,१४,७४,८३,६४७. रोज १० लाख नोंदी पडल्या तर सहा वर्षांच्या आत ती गाठली जाते आणि नव्या नोंदी घालताना एरर येते. टेबल भरल्यावर कॉलम बिगइंट (आठ बाइटचा इंटिजर) करणे अवघड जाते, कारण त्या आयडीकडे बोट दाखवणारे इतर टेबलांतले कॉलमही बदलावे लागतात. पहिल्याच दिवशी बिगइंट घ्यावा. चार बाइट जास्त लागतात, तेवढेच.

क्रमाने येणारे आयडी वेबपानाच्या पत्त्यात दिसले, तर शेजारचा क्रमांक टाकून दुसऱ्याची नोंद उघडून पाहण्याचा मोह कुणालाही होतो. खरा उपाय परवानगी तपासण्याचा. आयडी ओळखता न येणे ही वरची भर. त्यासाठी यूयूआयडी हा १२८ बिटांचा, सहसा पुन्हा न येणारा ओळखक्रमांक वापरतात. पूर्ण यादृच्छिक यूयूआयडीमुळे इंडेक्समध्ये (नोंदी पटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या क्रमवार सूचीत) नोंदी विखुरतात आणि लिहिणे मंदावते. २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या यूयूआयडीच्या सातव्या प्रकारात सुरुवातीचे ४८ बिट वेळेचे असतात, त्यामुळे नव्या नोंदी पुन्हा इंडेक्सच्या शेवटाकडे जाऊन बसतात.