ऑनलाइन वर्ग म्हणजे अर्ध्या तासाचं काम?

"करोनात बाईंना काय काम होतं? अर्धा तास मोबाइलवर बोलायचं, की दिवस मोकळा!" सोलापुरात हे अजूनही ऐकू येतं. अर्धा तास खरा, पण तो बाईंनी आपल्या सोयीनं ठरवला नव्हता. ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या जुलै २०२०च्या 'प्रज्ञाता' सूचनांनीच पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला कमाल ३० मिनिटं आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती.

खरं काम त्याबाहेरच. पहिलीतलं पोर पेन्सिल कशी धरतं, 'अ' कुठून सुरू करतं, हे पडद्यावर धड दिसत नाही. हात धरून गिरवून घेणं घरच्यांवर येतं, म्हणजे आधी घरच्यांना शिकवा. त्यात सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात, आई विड्या वळते आणि घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांबरोबर कारखान्यात. मग पालकांना फोन रात्री, आणि वह्यांचे फोटो (निम्मे उलटे!) तपासायचे त्यानंतर.

सोलापूरच्याच नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, कारण बऱ्याच मुलांकडे स्मार्टफोनच नव्हता.