दुकानाची मनाई आणि कायद्याची मनाई : अमेरिकेत बंदूक नाकारतं कोण?

३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधल्या एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार झाला. मृतांचा आकडा शेवटी २३ वर गेला. बरोबर महिन्याने, ३ सप्टेंबरला, कंपनीने जाहीर केलं की पिस्तुलाच्या गोळ्या आणि एआर-१५ सारख्या लष्करी धाटणीच्या रायफलींत चालणारी पॉइंट २२३ व ५.५६ या मापांची काडतुसं हातातला साठा संपला की आम्ही विकणार नाही. अशी बातमी इकडे वाचली की वाटतं, चला, अमेरिकेत एकदाचे निर्बंध आले. त्या दिवशी अमेरिकेतला एकही कायदा बदललेला नव्हता. टेक्सासचासुद्धा नाही. एका दुकानदाराने आपल्या शेल्फवर काय ठेवायचं आणि काय नाही, एवढंच ठरवलं होतं.

काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही नकार सारखेच वाटतात. विक्रेता मान हलवतो, बंदूक मिळत नाही, गिऱ्हाईक बाहेर पडतं. पण ड्राय डेला वाइन शॉपचं शटर खाली असतं ते सरकारी हुकमाने, आणि एखाद्या खानावळीत ‘येथे मद्यपान करू नये’ अशी पाटी असते ती मालकाच्या मर्जीने. पाटी वाचून माणूस शेजारच्या परमिट रूममध्ये जाऊ शकतो, ड्राय डेला तीही सोय नसते. अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादात हे दोन नकार सतत एकमेकांत मिसळले जातात.

आधी कायद्याचा नकार. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना घेणाऱ्याकडे असावा लागतो. बंदूक त्यानंतरची गोष्ट. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची रचना याच्या उलट आहे. तिथे परवाना लागतो तो विकणाऱ्याला. न्यू जर्सी किंवा इलिनॉयसारखी काही राज्यं खरेदीदाराकडूनही कागद मागतात, पण तो त्या त्या राज्याचा कायदा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने परवानाधारक दुकानदारावर गिऱ्हाइकाच्या वयाची अट घातली: रायफल आणि शॉटगनसाठी १८, पिस्तुलासाठी २१. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं केलं आणि १९९८ च्या नोव्हेंबरपासून ती तपासणी एफबीआयच्या ‘निक्स’ या यंत्रणेतून होऊ लागली. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं, दुकानदार माहिती कळवतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ‘द्या’, ‘देऊ नका’ किंवा ‘थांबा’ असं उत्तर येतं.

खरी गंमत या ‘थांबा’मध्ये आहे. (गंमत म्हणायची आपली, प्रकार भयंकर आहे.) कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि एफबीआयकडून काहीच उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला बंदूक देण्याची कायद्याने मुभा आहे. द्यायलाच हवी असं नाही, पण दिली तर गुन्हा होत नाही. २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांना ठार मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळालं ते याच वाटेने. तपासणी अडकली, मुदत संपली, विक्री झाली. त्याला नकार मिळायला हवा होता, हे एफबीआयच्या प्रमुखांनी नंतर मान्य केलं. वॉलमार्टचा मात्र २००२ पासूनचा नियम वेगळा आहे: एफबीआयचा स्पष्ट होकार आल्याशिवाय बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, मग कितीही दिवस लागोत. म्हणजे एकाच गावातल्या दोन दुकानांत, एकाच कायद्याखाली, चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला बंदूक मिळू शकते आणि दुसऱ्याला नाही.

दुकानाच्या नकाराची कुळकथा अधिक वाकडीतिकडी आहे. वॉलमार्टने अलास्का वगळता सगळीकडे पिस्तुलं विकणं १९९३ मध्येच बंद केलं होतं (अलास्कातली विक्री थांबली ती २०१९ च्या घोषणेत). २०१५ मध्ये एआर-१५ च्या जातीच्या रायफली शेल्फवरून गेल्या. तेव्हा कंपनीने दिलेलं कारण होतं, मागणी घटली! धंद्याचा निर्णय आणि तत्त्वाचा निर्णय यांतली सीमारेषा दुकानदार मुद्दाम पुसट ठेवतात, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं टिकवायची तर तेच सोयीचं असतं.

याहून बोलकं उदाहरण डिक्स स्पोर्टिंग गुड्सचं. खेळाचं सामान, मासेमारी, शिकार असं सगळं विकणारी ही मोठी कंपनी. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तेव्हा डिक्सने आपल्या दुकानांतून लष्करी धाटणीच्या रायफली काढून घेतल्या. कौतुक झालं. पुढे त्याच कंपनीने फील्ड अँड स्ट्रीम या नावाने वेगळी दुकानं काढली आणि तिथे त्याच जातीच्या रायफली विकायला ठेवल्या. कायद्यात अशी पळवाट असती तर वर्तमानपत्रांनी सरकारला फाडून खाल्लं असतं. इथे नियम करणारी, मोडणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी एकच होती, त्यामुळे फारशी ओरड झाली नाही.

मग १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंड इथल्या शाळेत १७ जण मारले गेले. मारेकऱ्याने काही महिन्यांपूर्वी एक शॉटगन डिक्सच्या दुकानातून घेतली होती. ती या हत्याकांडात वापरलेली नव्हती आणि विक्रीही कायदेशीर झाली होती. सगळे नियम पाळूनही बंदूक अशा माणसाच्या हाती जाते, ही गोष्ट कंपनीचे प्रमुख एड स्टॅक यांना लागली. दोन आठवड्यांत त्यांनी जाहीर केलं की त्या रायफली आता फील्ड अँड स्ट्रीममध्येही मिळणार नाहीत, जास्त गोळ्यांची मॅगझिन बंद, आणि २१ वर्षांखालच्यांना कुठलीच बंदूक नाही. वॉलमार्टने त्याच दिवशी वयाची अट २१ वर नेली. उरलेल्या रायफली डिक्सने पुरवठादाराला परत केल्या नाहीत. सुमारे ५० लाख डॉलरचा तो माल मोडून भंगारात काढला. या सगळ्यात विक्रीला जवळपास २५ कोटी डॉलरचा फटका बसला, असा स्टॅक यांचा स्वतःचा अंदाज आहे.

अशी २१ ची अट केंद्र सरकारला इतक्या झटपट घालता आली नसती. संसदेत मतं जमवणं कठीण आहे हे एक कारण (सँडी हूकनंतर तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ वर अडला, ६० मतं हवी होती). मोठं कारण घटनेतलं. दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याच्या हक्कापुरते सरकारचे हात बांधते, दुकानदाराचे नाही. ‘वॉलमार्टने माझा घटनात्मक हक्क हिरावला’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवतं, न्यायालयात टिकत नाही. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये ओरेगनमधल्या २० वर्षांच्या एका तरुणाने डिक्स आणि वॉलमार्टवर दावे लावले, ते गिऱ्हाइकाशी वयावरून भेदभाव करू नये या राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन.

ज्या सहजतेने दुकान नियम करतं, त्याच सहजतेने तो मागेही घेतं. ऑक्टोबर २०२० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर दंगलीची भीती म्हणून वॉलमार्टने बंदुका आणि काडतुसं दर्शनी भागातून हलवली आणि दुसऱ्याच दिवशी परत मांडली. सिटीग्रुप बँकेने २०१८ मध्ये आपल्या दुकानदार खातेदारांवर २१ वयाची आणि पूर्ण तपासणीची अट घातली होती. राजकीय वारं फिरल्यावर जून २०२५ मध्ये ती काढून टाकली. ना मतदान, ना चर्चा. बंदुका कमी व्हाव्यात असं वाटणाऱ्यांनीही याचा आनंद जपून मानावा. जी अट भागधारकांच्या मर्जीवर आली, ती त्यांच्याच मर्जीवर जाते.

कायदाही अमर नसतो. १९९४ ची लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची बंदी दहा वर्षांच्या मुदतीची होती, ती २००४ मध्ये आपोआप संपली. पण कायदा बदलतो तो सगळ्यांसाठी. पार्कलंडनंतर तीन आठवड्यांत फ्लोरिडाने सगळ्या बंदुकांच्या खरेदीसाठी २१ ची अट कायद्याने आणली. २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डी इथे १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यावर केंद्रानेही कायदा केला. त्यात १८ ते २० वयाच्या खरेदीदारांची जास्त कसून तपासणी होते आणि गरज पडली तर त्यासाठी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात निकष बदलला: निर्बंधाला देशाच्या इतिहासात आधार दाखवा. तेव्हापासून वादाचा मुक्काम न्यायालयांत आहे. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने (सर्किट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाखालचं, ठरावीक राज्यांपुरतं केंद्रीय अपील न्यायालय) परवानाधारक दुकानाने २१ च्या आतल्यांना पिस्तूल विकू नये ही केंद्रीय मनाई घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये अकराव्या सर्किटने फ्लोरिडाची २१ ची अट ग्राह्य धरली. वॉलमार्टच्या २१ ला मात्र या निकषाची परीक्षा द्यावी लागत नाही.

दुकानाच्या नकाराने फरक किती पडतो? २०१९ मध्ये वॉलमार्टचे प्रमुख डग मॅकमिलन यांच्या अंदाजाने बंदुकांच्या बाजारात कंपनीचा वाटा सुमारे २ टक्के होता, पण काडतुसांत सुमारे २० टक्के, आणि नव्या निर्णयाने तो ६ ते ९ टक्क्यांवर येणार होता. म्हणजे जोर काडतुसांवर पडला. शिवाय दोन्ही नकार जिथे पोचत नाहीत अशी एक वाट आहेच: बंदुकांचा धंदा न करणाऱ्या व्यक्तीने त्याच राज्यातल्या दुसऱ्या व्यक्तीला बंदूक विकली, तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यं मागतात, बरीच मागत नाहीत.

अमेरिकेत नातलग असणाऱ्या मराठी घरांसाठी यातला भेद कागदोपत्री महत्त्वाचा आहे. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला बंदूक घ्यायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर कुठल्याही दुकानाच्या मॅनेजरला ती शिथिल करता येत नाही, आणि फॉर्मवर खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर ती मनाई लागू नाही. पण ग्रीन कार्डधारक २० वर्षांच्या मुलाला टेक्सासच्या वॉलमार्टने रायफल नाकारली, तर तो दुकानाचा नकार. दुसऱ्या दुकानात १८ पुरतात. तोच मुलगा फ्लोरिडात राहत असेल आणि पोलिसात किंवा सैन्यात नसेल, तर दुकान बदलून उपयोग नाही.